साडेआठची

सोमवारचा भाग पास.
फार नाही, पण पास.
धाकटी सून स्वयंपाकघरात एकटी, मागं संगीत नाही,
कुकरची एक शिट्टी झाली
आणि तिला कळलं, घर विकलंय.
बोलली नाही. गॅस बारीक केला.
हे बरोबर आहे. बाई असंच करते.

मंगळवारचा छाट.
आमच्यात मुनीम विडी दोन बोटांत धरून दाबतो,
पोकळ लागली की टोपल्यात.
तसा मंगळवार दाबून बघा :
नुसतं पान, तंबाखू चिमूटभर.
तीनदा वीज चमकली, सहा तोंडं एकेक करून वळली,
जाऊबाईचं दोनदा वळलं,
तोवर माझ्या सुपात चाळीस झाल्या.

बुधवारी पाणी आलं.
पाचव्या दिवशी, बरोबर साडेआठला.
नीलमनगरात पाण्याला आणि मालिकेला एकच वेळ कोण देतं,
त्या माणसाला एकदा भेटायचंय मला.
मी हौदाशी, आणि नात दारातून ओरडतेय :
आज्जी, धाकटी जिन्यावर आली!
आज्जी, पडली!
कशी पडली गं?
हळू!
हळू म्हणजे झालं. आता ती आठवडाभर पडणार.

गुरुवारचं मात्र बोलायचंय.
गुरुवारी सासरा बदलला.
स्वभाव नव्हे ओ, माणूसच.
तोच झोपाळा, तोच चष्मा, तीच काळी शाल,
आत दुसराच.
आधीचा बारीक, चहा बशीत ओतून फुंकर मारायचा.
हा गालांनी भरलेला, कपानं पितो.
आणि घरातल्या एकानंही दचकू नये?
थोरली आली, बाबा गोळी घेतली का, म्हणाली,
आणि त्यानं घेतली की ओ!
खाली एक पट्टी सरकत गेली,
मी चष्मा शोधेपर्यंत साबणाची जाहिरात.

पोरगा म्हणतो, पैशाचं वाजलं असेल.
सून म्हणते, दुसरीकडं मोठं काम लागलं असेल.
असेल.
मला त्याचं कारण नकोय.
लिहिणाऱ्यानं एक वाक्य द्यायचं होतं,
नातवाच्या तोंडी तरी, पोरं बोलतात काहीही :
आजोबा, तुम्ही वेगळे दिसताय.
एवढंच. मग झोपाळा हलू दे पुढं.

रात्रभर डोळा लागला नाही.
माणूस मालिकेसाठी जागतो का, असं स्वतःलाच विचारलं,
आणि तेव्हा खिडकीखालची जागा आठवली.

कारखान्यात खिडकीखाली नरसव्वा बसायची. एकवीस वर्षं.
दिवाळीनंतर गेली, छातीनं.
तिसऱ्या आठवड्यात तिथं एक पोरगी येऊन बसली.
सूप तेच, काठाला लाल दोऱ्यानं शिवलेलं.
वहीत नाव अजून तेच.
मुनीम पुकारतो, येमूल,
पोरगी म्हणते, ओ.
आम्ही तीसजणी मान खाली घालून कात्री चालवतो.
आणि मी,
मी तिला परवा म्हणाले, अक्का, दोरा सरकव.
अक्का! माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल.
तिनंही सरकवला.

आज शनिवार, हप्त्याचा दिवस.
रांगेत ती माझ्या पुढं.
विचारलं, तुझं नाव काय गं?
भार्गवी.
मागं वळून पाहिलं तिनं, बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, आज्जी, तुम्ही साडेआठची बघता काय?
बघते की.
सासरा बदललाय बघा त्यात. कोण काहीच बोलंना.

मी पिशवीतली कडक भाकरी मोडली,
अर्धी तिला दिली, शेंगाची चटणी वर.
नरसव्वा चटणीत लसूण जास्त घालायची, म्हटलं,
तुला सांगून ठेवते.

शुक्रवारचा भाग होय?
धाकटी अजून पडतेय.